शेऱ्याचा रकाना

शिरोड्याच्या हवेत टाचणी दोन महिने टिकते.
तिसऱ्यात ती कागदाला
गंजाचा एक ठिपका देऊन मोडते.
एकतीस वर्षं मी असे ठिपके सांभाळले
दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
जिथे आधी सरपण ठेवायचे.

कपाट चार : फुरसं चावलेले.
कपाट सहा : माडावरून पडलेले.
काजूच्या डिकानं हात भाजलेल्या बायकांना कपाट नव्हतं,
त्या 'किरकोळ'मध्ये.

मग कुडाळहून ओजस आला,
दोन स्कॅनर आणि कोकमाच्या डागाचा शर्ट घेऊन.
म्हणाला, मॅडम, आता सगळं क्लाउडवर.

ओपीडीच्या रांगेतून येसू तारकरनं ऐकलं.
"ढगार ठेवतलास? आणि पावस पडलो तर?
माझो कागद भिजतलो मां?"

ओजस हसला नाही. तेव्हाच मला तो आवडला.
म्हणाला, आजी, ढग-बिग काही नाही,
दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे.
लांबचं, थंडगार, कुलूप लावलेलं.

"मगे तसा सांग मां, झिला.
आणि चावी कोणाकडे आसा?"

चावी माझ्याकडे होती.
कॅलेंडरच्या मागे लिहिली होती, पेन्सिलनं.
त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी मी ती खोडली,
आणि वाटभर पुटपुटत गेले,
विसरू नये म्हणून.

सहाव्या दिवशी अडले.
पडदा नाव विचारतो, वय, लिंग, निदान, डिस्चार्जची तारीख.
समास विचारत नाही.
आणि डॉक्टर बर्डे सगळं समासात लिहायचे,
लाल शाईनं, आडवं :

*पैसे नाहीत. विचारू नये.*

*नवऱ्यासमोर बोलत नाही.
त्याला चहाला पाठवणे.*

संतान मेथर, वय सात :
*पेनिसिलिन नको. पुन्हा कधीच नको.*
खाली दोन रेघा, दुसरी कागद फाडून गेलेली.
त्याखाली शाई बदललेली, रात्रीची असावी :
*अंधाराला भितो. दिवा ठेवणे.*

पेनिसिलिनला रकाना आहे, ओजस म्हणाला.
दिव्याला नाही.
टाका 'इतर'मध्ये. तसं ते कोण वाचतं?

मिठागरांच्या गावात मी वाढले.
पाणी वर जातं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.
खाली जे उरतं
ते उन्हात वाकून फळीनं ओढावं लागतं,
पायाच्या भेगांत झोंबत असताना.

मी ओढलं.
अकरा हजार कागद, एकेक समास.
एका बोटानं टाइप करत,
ओजस कुडाळला परत गेल्यावरही.
'इतर'चा रकाना इतका भरला
की वरच्या ऑफिसातून फोन आला :
मॅडम, एवढं लिहायची गरज नसते.

दुसरा फोन थंडीत आला. पणजीहून, रात्री दीडला,
ड्युटीवरच्या सिस्टरनं मला घरून उठवलं.
ट्रॉलरवर दोर तुटून डोक्याला लागलेला खलाशी,
शुद्ध नाही, सोबत कुणी नाही,
खिशात ओलं कार्ड, त्यावरून तुमची नोंद उघडली.
बाईचा आवाज तरुण होता, दमलेला.

"इंजेक्शन भरलं होतं. ते वाचलं आणि थांबले.
पण खाली आणखी एक ओळ आहे,
दिव्याची. ती खरी आहे?"

मी म्हटलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता, डॉक्टर.
आता बावीसचा असेल.

पलीकडे यंत्राचा टिकटिक आवाज.
मग ती म्हणाली,
"ठेवते तरी."

आता त्या खोलीत सलाईनचे खोके आहेत.
दुपारी रेंज जाते, तेव्हा अजून वही काढतो,
अजून टाचणी लावतो.
आणि दर मंगळवारी बीपी मोजून झालं की
येसू खिडकीशी येते, हळूच विचारते,
"कसो आसा माझो कागद, थंय?"

बरा आसा, मी सांगते.
सुको आसा.