पुढच्या अपडेटमध्ये एवढं बघा

साहेब, तुमची प्रयोगशाळा किती अंशांवर चालते ठाऊक नाही.
मानवतमध्ये आज चव्वेचाळीस आहे, तेही सावलीत,
आणि सावली म्हणजे मंडपाचं गुलाबी कापड,
ज्यातून गाळून आलेलं ऊन
अख्ख्या वऱ्हाडाला ताप चढल्यासारखं रंगवतं.
व्हाइट बॅलन्स तिथंच हात टेकतो.

मुहूर्त बारा सदतीसचा.
बारा पंचविसाला पडद्यावर पिवळा थर्मामीटर उगवला.
इलियासनं कॅमेरा ओल्या पंचात गुंडाळून
रांजणाच्या पोटाला टेकवला.
पोळ्या लाटणाऱ्या बाया हसल्या,
"त्याला बी ऊन लागलं व्हय?"
लागलं, मावशी.

डोळा ओळखणारं काहीतरी तुम्ही आत बसवलंय. मान्य.
पाखरांचा ओळखतं, मांजराचा ओळखतं,
विमानाला डोळा नसतो तरी विमानही ओळखतं म्हणे.
मुंडावळ्यांमागचा मात्र सापडत नाही.
चौकोन या मोत्यावरून त्या मोत्यावर
चिमणीसारखा उड्या मारत राहतो
आणि नवरीचं नाक तेवढं लख्ख येतं.
मेनूत पाखरू आहे. मुंडावळी घाला.

अक्षताही घाला.
शेवटच्या 'सावधान'ला चारशे मुठी सुटतात
आणि तुमचं यंत्र, शिस्तीचं पोर,
समोर आलेल्या पहिल्या तांदळाला धरून बसतं.
मागं दोन माणसांचं लग्न लागतं, पुसट.

आता हे सांगायला जरा अवघड आहे.
स्टेजमागं फ्लेक्स होता, शुभेच्छुकांचे तेवीस चेहरे,
उजळ करून छापलेले.
त्याखाली नवरीचा बाप, नागोराव टेकाळे,
जिनिंगवर तीस वर्षं गाठी उचललेला,
उन्हानं काळा, कोपऱ्यातल्या अंधारात उभा.
चौकोनानं तेवीसच्या तेवीस मोजले.
त्यांच्यावर एकदाही थांबला नाही.
मी अंगठ्यानं तो ढकलत राहिलो,
अंगठा घामानं घसरत राहिला.
हे सेटिंग कुठल्या पानावर असतं?

पाठवणीला बफर भरला.
लाल दिवा. कार्ड लिहितंय, थांबा.
वऱ्हाड गाडीपाशी, बाया रडायच्या तयारीत,
आणि नागोराव मांडवाच्या दाराशी
दोनशे जोड्यांत वाकून
एक सोनेरी सँडल शोधत होते.
सापडली.
त्यांनी ती मानाच्या उपरण्यानं पुसली,
मग आत बोट फिरवून बघितलं,
खडाबिडा असेल म्हणून.

माझ्या डोळ्यापुढचा पडदा तेव्हा काळा होता.
मान वर केली म्हणून दिसलं.
जलीलभाईंच्या स्टुडिओत शिकलो तेव्हा कॅमेऱ्यात आरसा असायचा.
खटकन उडायचा, आवाज सभामंडपभर जायचा,
पण दिसायचं ते खुद्द ऊन असायचं.
आता त्याची बातमी दिसते, किंचित उशिरा.
आरसा परत मागत नाही, पाठीला आराम आहे.
फक्त सांगून ठेवतो.

आठ दिवसांनी नागोराव अल्बम निवडायला आले.
पुसट चेहऱ्यांवरून सरकत गेले,
अक्षतांच्या फोटोवर थांबले.
"तांदूळ बाकी साफ आलाय. कणी अन् कणी दिसायली."
टोमणा नव्हता तो. त्यांनी तोच मोठा करायला सांगितला.
सँडलचं मी बोललो नाही.

आज रात्री तुमचं अपडेट उतरवलं.
माहितीत एकच ओळ:
किरकोळ दोष दूर केले, स्थिरता वाढवली.
बॅटरी पूर्ण ठेवा. मध्येच बंद करू नका.
पट्टी एकसष्ट टक्क्यांवर असताना गावची लाईट गेली.
पंखा थांबला. कॅमेरा आपला चालू.
बासष्ट. त्रेसष्ट.
इलियास अंधारातून म्हणाला,
"परवा सेलूच्या लग्नाला पंचा घ्यायचा का मग?"

घे, म्हटलं. दोन घे.