उरलेला एक टक्का

तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
बेरीज नव्याण्णव.
पतपेढीतली काचेमागची पोरगी म्हणाली,
"मिस्टर कोस्की, शंभर भरल्याशिवाय
हा अर्ज पुढे जात नाही."

एकतीस वर्षं मी डुलुथचा पूल उचलला.
लोहखनिजानं भरलेली लांबच लांब जहाजं खालून गेली,
त्यांनी भोंगा दिला, मी भोंगा परत केला.
हिशेब तिथल्या तिथे मिटायचा.
पगारातून दर पंधरवड्याला थोडं कापलं गेलं,
थेंबे थेंबे तळं साचलं,
समोरच्या सरोवरापुढे डबकंच,
पण माझं.

पहिल्या ओळीत अजून आयलाच होती.
शंभर टक्के, शाईनं.
तिच्या नावावर रेघ मारायला मला दोन खेपा लागल्या.
पहिल्या खेपेला नुसताच
गाडी लावून आत बसलो, काचेवरचं बर्फ वितळेपर्यंत,
आणि घरी आलो.

आता क्रिस्टिन, डीन आणि लॉनी.
लॉनी आयलाचा, आधीच्या घरचा.
चार वर्षांचा असताना आला, बूट उलटसुलट घालून.
त्याच्यासारख्यांसाठी अर्जात वेगळा रकाना आहे.
मी तो वापरला नाही.

राहिला एक टक्का.
म्हणजे दोन हजार एकशे डॉलर, वर थोडे.
क्रिस्टिनला दिला तर डीन म्हणेल, वाटलंच होतं.
डीनला दिला तर तो बोटीच्या इंजिनात जाईल.
लॉनीला दिला तर सगळेच म्हणतील,
म्हाताऱ्याला अजून काहीतरी सिद्ध करायचंय.
आणि ते खरंच असेल.

"दशांश चालतात," पोरगी म्हणाली.
तेहतीस पूर्णांक तेहतीस, तीनदा.
तरी एक कण उरलाच. एकवीस डॉलर.
एकवीस डॉलरपायीही झोप उडते, सांगतो.
नव्याण्णवचा फेरा म्हणतात तो हाच,
फक्त लोकांना त्यात पैसा कमी पडतो,
मला एक माणूस कमी पडत होता.

चौऱ्याऐंशीचा एप्रिल, खाडीत अजून बर्फाच्या लाद्या.
रात्रपाळी माझी.
नऊच्या सुमाराला फोन आला, आयलाला कळा सुरू झाल्या.
डेल्मर म्हणाला, जा तू, मी बसतो तुझ्या पाळीला.
पहाटे चाकावरचं बर्फ फोडताना
तारदोरात त्याची दोन बोटं गेली.
त्याच वेळी कधीतरी
दवाखान्यात मी क्रिस्टिनची बोटं मोजत होतो.
दहा होती. मी दोनदा मोजली.

तो कधी बोलला नाही त्याबद्दल.
आठ बोटांनी माझ्यापेक्षा झरझर पत्ते पिसतो,
वाटताना लबाडी करतो,
आणि मी खिडकीबाहेर बघतो.
चाळीस वर्षांत माझ्याकडून
एवढीच परतफेड झाली.

चौथी ओळ: डेल्मर ओक्रिन. एक.
"नातं?"
यादीत होतं: पती-पत्नी, अपत्य, भावंड, संस्था, इतर.
"मित्र असेल तर 'इतर' वर खूण करा."
केली.
पेन जरा जास्तच दाबलं गेलं,
खालच्या प्रतीवरही उमटलं.

तिनं जन्मतारीख टाइप केली आणि थांबली.
"हे तुमच्याहून पाच वर्षांनी मोठे आहेत.
समजा, ते आधी गेले?"
एकदा बसलाय तो माझ्या पाळीला, म्हणालो,
पुन्हा नाही बसू देणार.
ती हसली नाही. तिला काय माहीत.
"पण समजा," ती म्हणाली,
"मग तो एक टक्का परत येईल
बाकीच्या तिघांत. समान भागांत."
समान, मी म्हणालो.

आणि काचेच्या अल्याडपल्याड आम्ही दोघं
थोडा वेळ
एकाला तीननं भागत बसलो.