दोन सूत

फरशी मीच बसवली होती.
दोन बाय दोनची, दुधी, देगलूर रोडच्या दुकानात
उरलेल्या मालातली, डब्यामागं साठ रुपये कमी करून.
दिवसा लोकांची घरं, रात्री आपलं.
गुडघ्यावर सरकत, रबरी हातोडीनं ठोकत.
शेवटी बादलीभर पाणी ओतून बघितलं
तर कुठंच थांबलं नाही, सरळ मोरीकडं गेलं.
राजेश्वरी म्हणाली, तोंड दिसतंय की हो हिच्यात.

त्याच फरशीवर अक्कू घसरली.
नहाणीतनं निसटलेली, ओल्या पायाची, उघडीनागडी,
अडीच वर्षांची;
आणि पुढं उंबऱ्याचा ग्रॅनाईट.
त्याची धार गोल करायची राहिली होती.
गिऱ्हाइकाच्या घरी राहत नाही कधी.

एवढ्याशा तोंडात किती रक्त असतं.
पुसलं, तर वरचा पुढचा डावा दात जागेवर नाही.
मी पायपुसणं झटकलं, कॉटखाली वाकलो,
मोरीच्या जाळीत कोपरापर्यंत हात घातला.
शेजारच्या चंद्रभागाबाई दारातनं सांगत होत्या,
सापडला की पत्र्यावर फेका, नवा लवकर येतो.

सापडणार कसा.
काझी मॅडमनी आपले गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवले,
दोघांच्या मांड्यांवर लेकरू आडवं घेतलं,
आणि म्हणाल्या, दात पडला नाही, आत गेलाय.
हिरडीत. वर.
किती? मी विचारलं.
त्यांनी मिलिमीटर सांगितले. मी मनात केले, दोन सूत.

मग आरशाच्या दांडीनं शेजारचा दात
हळूच ठोकून बघितला त्यांनी, आणि
रडण्याच्या आवाजातही मी कान दिला.
पोकळ बसलेली फरशी मला आवाजावरनं कळते.
दाताचं काही कळलं नाही.

ओढून लेव्हलला नाही का घेता येत?
नाही. त्याच्या वरती पक्क्या दाताची कळी आहे.
हात लावायचा नाही. आपोआप उतरेल, बहुतेक.
महिना, दोन महिने, चार.
कदाचित काळा पडेल. गाठ आली, पू दिसला, ताप आला
तर लगेच या. नाहीतर थांबा.

थांबा.
अर्ध्या सुतासाठी
सुकलेल्या सिमेंटवरनं फरशी उपटणाऱ्या माणसाला.

त्या रात्री ग्राइंडर काढला.
उंबऱ्याची धार गोल केली, मग गोल झाली तरी करत राहिलो,
घरभर पांढरी धूळ.
राजेश्वरी काही बोलली नाही. वरणात
भाकरी कुस्करत होती, बोटांनी, अगदी लापशी होईपर्यंत.

अक्कूनं आरशात बघून विचारलं,
माझा दात झोपला?
हाव, म्हणालो.
मग ती दिवसभर हळू आवाजात बोलली.

रोज संध्याकाळी मोबाईलची बॅटरी लावून, आ कर.
ओल्या फडक्यानं हिरडी पुसायची, ती बोट चावायची,
खालच्या दातांनी, चांगलंच.
आगपेटीच्या काडीवर पेनानं खूण करून ठेवली होती मी,
गालाशी धरून अंदाज घ्यायचो.
एकदा राजेश्वरीनं काडी हिसकावून घेतली:
लेकरू हाय ते, अंगण नाही.

सहाव्या आठवड्यात तांदळाच्या कणीएवढं
काहीतरी पांढरं.
मला वाटलं भात अडकलाय.

दिवाळीपर्यंत उतरला.
पूर्ण नाही. जरा वळून, शेजाऱ्याला खांदा लावून,
आणि रंग ओल्या सिमेंटचा.
मॅडम म्हणाल्या, दुखत नसेल तर असू द्या,
सहा-सात वर्षांची होईल तेव्हा पडेल आपला आपण.

परवा अहमदपूरला एका बंगल्यात
मालकानं नाणं उभं धरून दाखवलं, कोपरा चढलाय.
मी मुकाट्यानं उचलली फरशी, परत बसवली.

घरी आलो तर अक्कू उंबऱ्यावर बसून
दात मोजत होती, बोट लावून लावून,
एक, दोन,
पप्पाचा, चार.