सोपी चढण

कुत्रीचं नाव ऑलिव्ह.
फोनवर आईला सांगितलं, तिला ऐकू गेलं आवळी.
तेव्हापासून रोज विचारते,
आवळी कशी हाय? खाती का नीट?
माझं नंतर.

सकाळी पावणेसहा, सहस्रबुद्धे काकूंच्या दारात
पट्टा, पाण्याची बाटली, घडी घातलेल्या दोन पिशव्या.
पिशव्या कशासाठी, हे पहिल्या दिवशी
काकूंनी लाजत लाजत सांगितलं.
म्हटलं, आमच्याकडं दीडशे मेंढरं हायेत, काकू.
महिन्याचे साडेतीन हजार.
त्यात कॉटचं भाडं सुटतं
आणि अभ्यासिकेतली पंख्याखालची खुर्ची.

वेताळ टेकडी, पंचवटीच्या बाजूनं.
वीस मिनिटांत वर. म्हातारी माणसं
गप्पा न तोडता चढतात.
तरी उतरताना कुणी कुणाला सांगतं, मस्त ट्रेक झाला,
आणि बूट तर बघावेत एकेकाचे.
माझा बाप असल्या उतारावर
काठीला हनुवटी टेकून
उभ्या उभ्या झोप काढतो.

पहिल्या वळणाला पाटी आहे,
श्वान साखळीला बांधून आणावेत.
पाटीखाली तिघं गावठी बसलेले असतात,
मोकळे.
ऑलिव्ह त्यांच्याकडं बघते, मग पट्ट्याकडं,
मग माझ्याकडं.
मी गिरिपुष्पाच्या झाडाकडं बघतो.

काकूंनी शिकवलेलं, सिट. स्टे. कम.
पहिला आठवडा तसंच बोललो,
जिभेला कुणाचे तरी बूट घातल्यासारखं.
मग एकदा मोर आडवा गेला,
पट्टा हातातून निसटला,
आणि तोंडातून आपोआप निघालं,
ए थांब की गं, मरतीस का आता!
थांबली.
वळून बघितलं, शेपूट हलवली,
जशी काय आठवडाभर वाटच बघत होती
हा गडी कधी बोलतोय म्हणून.

खाणीच्या काठावर आम्ही दोघं पाणी पितो,
ती माझ्या ओंजळीतून.
समोर कापलेला कडा, थरावर थर.
भूगोल, दख्खनचं पठार, बेसाल्ट.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला,
निवला, पुन्हा आला, पुन्हा निवला.
पूर्वपरीक्षेला होता हा प्रश्न. बरोबर आला.
मुख्यचा निकाल लागायचाय,
चौदा महिने झाले.
दगडाला सांगितलं तर म्हणेल, एवढंच?

देवळाच्या पायरीवर निवृत्त तहसीलदार भोईटे भेटतात.
कितवा अटेम्प्ट?
तिसरा, साहेब.
मग ते निबंधाचं सांगतात, हस्ताक्षराचं,
मुलाखतीला कुठल्या रंगाचा शर्ट.
आणि सांगता सांगता खिशातून मारी काढतात.
मला सल्ला, तिला बिस्कीट.
दोघंही चावायच्या आत गिळतो.

उतरताना कुसळं.
तिच्या पोटाखालची सोनेरी लव भरून जाते.
कडेच्या दगडावर बसून एकेक उपटतो,
मुळाकडून धरून, केसाच्या कलानं,
लोकरीतून काढायला शिकलो होतो तसं.
ती पाय माझ्या मांडीवर ठेवून देते
आणि लांब कुठं तरी बघत राहते.
खाली शहर सुरू झालेलं असतं,
बांधकामाची क्रेन, शाळेच्या बसचा हॉर्न.
पाच मिनिटं जातात. कधी दहा.
या दहा मिनिटांत मला
एकही तारीख, एकही कलम आठवत नाही.

दारात काकू म्हणतात, ऑलिव्ह, सिट.
ती माझ्याकडं बघते.
सिट, बाळा.
माझ्याकडंच.
मी चपलेकडं बघत पुटपुटतो, बस गं.
बसते.

काकू काही बोलत नाहीत.
पट्टा खुंटीला लावतात, बाटली उलटी करून ठेवतात.
मग आतूनच,
सिद्धनाथ, उद्यापासून सव्वापाचला ये.
उन्हं लवकर येतात आता.