सात वायरी, सहा नावं

रात्रीचे पावणेदोन. साकीनाक्याच्या गाळ्यात
तिसऱ्या मजल्यावर मी फोनांची हजेरी घेते.
टेबलावर सात फोन उताणे,
सात वायरी एका हबात, हबची एक माझ्या लॅपटॉपला.
कमांड देते. यादी येते.
सहा.

पुन्हा देते. सहाच.
इस्त्रीवाला कपडे मोजतो तशी मोजते,
बोट लावून, पुटपुटत:
ऑफिसचा नवा, ज्यावर सगळंच चालतं
म्हणून माझा त्याच्यावर भरवसा नाही.
जेनिसचा जुना. कुर्ल्याहून नऊशेला आणलेला, काचेवर टेप.
एकाची बॅटरी पुरीसारखी फुगलेली,
त्याला आम्ही कडेला ठेवतो, रागीट पाहुण्यासारखं.
आणखी दोन, ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जो दिसत नाही तो चाळक्यांचा.
रघुवीर चाळके, पाणीखात्याचे चावीवाले.
ॲप त्यांच्यासाठीच आहे: कुठला वॉल, किती वाजता,
आणि एक हिरवं बटण, "पाणी सोडले".
संध्याकाळी फोन ठेवून गेले.
"माझ्यात ते उघडतच नाही. बघा काय ते. सकाळी नेतो."

वायर बदलते. आधीची फुटपाथवरची होती,
तिच्यातून वीज जाते, शब्द जात नाही.
(तशी एक घरीही आहे. ते नंतर.)
आता यादीत सात,
पण सातव्यासमोर लिहिलंय: अनऑथराइज्ड.
कुलपामागे त्या फोनवर एक प्रश्न ताटकळतोय,
या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?

उत्तर माझं नाही.
नऊ ठिपक्यांवर एकदा उगाच झेड काढून बघते,
मग लाज वाटते, फोन पालथा घालते.
चाळक्यांना विचारावं, तर त्यांना लावायचा फोन
हा इथे पडलाय.

परिमलचा मेसेज: सहावर चालतंय ना?
सहा वाजता सोडून दे.

तीन चाळीसला सातवा वाजायला लागला.
अलार्म. नाव दिलेलं: असल्फा, वरचा वॉल.
बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा.
पोटात खड्डा पडला.
टेकडीवर ड्रम, कळशा, रंगाचे धुतलेले डबे
नळाखाली लावून बायका बसल्या असतील,
आणि चावीवाला झोपलेला, माझ्यामुळे.
ॲप अजून गेलंही नव्हतं,
आणि मी पाणी तोडलं होतं.

सव्वापाचला दार वाजलं.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर लोखंडी चावी.
"गेलं पाणी वरपर्यंत. झाला का फोन?"
अलार्म नव्हता, मग उठलात कसे?
"तो मी बंद करायला लावतो," चाळके म्हणाले.
"आधीच जागा असतो."

ठिपक्यांवर बोट ठेवलं, रेघ भलतीकडेच उडाली.
बोट ओलं. शर्टाला पुसलं, शर्टही ओला.
शेवटी माझ्या ओढणीला पुसलं, मग उघडलं.
प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचला, एकेक शब्द,
आणि लॅपटॉपकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
हो दाबलं.

सात.
आणि चालत होतं. उघडलं, बटण हिरवंगार.
दाबा ना, म्हटलं.
त्यांनी चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली
आणि चावीच्याच हाताने दाबलं.
काही नाही. पुन्हा. काही नाही.
मग एकदम:
पाणी सोडले
पाणी सोडले
पाणी सोडले
एकाच वॉलचं, एकाच मिनिटात, तीनदा.

परिमलला लिहिते: थांब. सोडू नको.
तो विचारतो, काय झालं, साती दिसतायत ना?
दिसतायत, लिहिते.
आठवडाभर आपली सगळ्यांची बोटं कोरडी होती.

चाळके विचारतायत, इतक्या लवकर चहा कुठे मिळेल.
चावी दाराशी टेकून उभी,
तिच्या टोकाखाली फरशीवर
पाण्याचं एक लहानसं वर्तुळ.