गवती चहा

कंपनी बंद झाली त्या शुक्रवारी आम्ही चौघं
ऐरोलीच्या थाई हॉटेलात जेवायला गेलो.
खाली टाइल्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना,
दारात सोनेरी बुद्ध,
त्याच्या मांडीवर कुणीतरी ठेवलेली पार्किंगची पावती.

निवड टेंबेबाईंची. हिशेब खात्यातल्या त्या,
त्यांच्याकडे कूपन होतं, चौघांत एक सूप फुकट.
कुट्टींनी मेनू वाचला मोठ्यानं,
युनियनच्या मागण्या वाचायचे तसा, थांबत थांबत,
जणू कुणीतरी नाही म्हणणार आहे.
हसूराम मढवी म्हणाला, "भात हाय ना? मंग झालं."

वाढणारा पोरगा मिझोरमचा.
लोक त्याला विचारतात, थायलंडला थंडी असते का.
तो सांगतो, बेताची.

सूप आलं. झाकण उचललं
आणि टेबलावर आमचा तीन नंबरचा प्लांट उभा राहिला.
तोच वास. लिंबाचा, पण लिंबू नाही,
हिरवा, नाकात किंचित टोचणारा.
पिंपांतून गवताचं तेल यायचं, आम्ही उकळून वेगळं करायचो,
मग ते जायचं साबणात, गोळ्यांत, फरशीच्या पाण्यात.
घरी चहात गवती चहा घातला
की बायको म्हणायची, ड्युटीवरून आलात का पुन्हा?
टेंबेबाईंनी डोळे मिटले.
कुट्टी वाडग्यावर वाकले ते वाकलेच.

मढवी चमचा फिरवत होता. "कसला वास?"
मग कुणाकडेच न बघता,
"मना नाय येत. धा वर्सं झाली."

दहा वर्षं.
दरवर्षी मेडिकलच्या फॉर्मवर स्वतःच बरोबरची खूण करत गेला.
नाक गेलंय कळलं असतं तर प्लांटवरून काढलं असतं,
रात्रपाळीचा भत्ता गेला असता.
कॉलमच्या आवाजावर, काट्यावर, हाताला लागणाऱ्या धगीवर
त्यानं बॅच ओळखल्या,
आणि रात्री अडीचला लॅबमध्ये फोन करून विचारायचा,
"साहेब, किती?"
शहाण्णव पूर्णांक दोन, मी सांगायचो.
"पास?"
पास.

एकच फेल केली मी. एकशे चौदा नंबरची, दिवाळीच्या तोंडावर.
त्याची वेतनवाढ गेली त्यात.
तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, चूक माझ्या मशीनची होती,
म्हणजे माझी. तो कागद मी फाडला,
चार तुकडे केले, मग आठ,
आणि वेगवेगळ्या बादल्यांत टाकले.

"ते खायचं नसतं हो, बाजूला काढायचं," टेंबेबाई म्हणाल्या.
वाडग्याच्या काठावर आमच्या काड्या रांगेनं,
जेवून झालेल्या बोंबलाच्या काट्यांसारख्या.
मढवीनं मात्र चावली. चोथा होईपर्यंत.
"लाकूड," म्हणाला, आणि गिळून टाकलं.

पोरगा बघत होता. आत गेला,
मुळासकट एक कच्ची काडी घेऊन आला.
काका, घरी लावा, म्हणाला, कुंडीतसुद्धा येते.
मढवीनं तिची अर्धी पात मोडली,
तळहातांवर चोळली, खसखसून, तंबाखू मळावी तशी,
आणि दोन्ही हात टेबलावरून
माझ्या नाकाखाली आणले.
कॉस्टिकनं पिवळी पडलेली नखं. भेगा.
भेगांत हिरवं.

"साहेब, किती?"

"पास," मी म्हणालो.

"नंबर सांगा की."

कुट्टी भात वाढत होते. टेंबेबाई पर्समध्ये कूपन शोधत होत्या.

"एकशे चौदा."

तो हसला. शंभराच्या वर कधी गेलंय का, म्हणाला,
एवढी वर्सं लॅबमध्ये काय केलंव तुमी.
टेंबेबाईही हसल्या.
मग त्याचं हसू ओठांवर जरा रेंगाळलं,
जसा वाल्व्ह बंद केल्यावर काटा रेंगाळतो,

आणि हात तसेच राहिले,
माझ्या नाकाखाली, उघडे.