मिटायला लागणारा वेळ

दोन ओठ, सिलिकॉनचे,
तांदळाच्या कणीएवढे.
आतून दाब आला की उघडायचं,
दाब सरला की मिटायचं,
आणि बाहेरून कुणीही आलं तरी
ओळख दाखवायची नाही.
एवढंच काम. त्यात माझी तीन वर्षं गेली.

बाबा उद्यमनगरात इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायचे.
ते मुठीत भरायचे,
फरशीवर पडले तर ठणकन सांगायचे, पडलो.
माझा पडला तर आवाज होत नाही.
गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून शोधावा लागतो,
आणि सापडला तरी कामातून गेलेला.
जमिनीला लागलेलं
कुणाच्या पोटाला लावत नाहीत.

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये
दोन दारांच्या आत आमचं सोवळं.
इथे कुळ विचारत नाहीत, कण मोजतात.
टोपी, बुरखा, मोजे, हातमोजे;
मी डोळ्यांपुरती उरते.

साचा मेहबूब शिकलगारांनी कापला.
त्यांचे आजोबा दारोदार कात्र्यांना धार लावायचे.
भिंग डोळ्याला लावून त्यांनी विचारलं,
"चीर केवढी पाहिजे?"
मी म्हटलं, केसाच्या निम्मी.
"कुणाच्या केसाच्या?"
त्यांना चेष्टा करायची नव्हती.
मी आकडा लिहून दिला.

मग विसातल्या एका बशीत
पांढरा ठिपका उगवला.
एकोणीस निर्मळ, एक नाही.
बाबा म्हणाले असते, विसात एक, चालतंय की.
इंजिन असतं तर मीही म्हटलं असतं.
पण हे यंत्र कुणीतरी
कपड्यांखाली चिकटवून बाजारात जाणार,
वांगी निवडणार, घासाघीस करणार,
आणि त्या वेळी आत औषध थेंब थेंब सरकत असणार.
तो विसावा माणूस
मला तोंडावर सांगता येईना.

रात्री वेगवान कॅमेऱ्याची फीत सावकाश फिरवली.
डोस संपतो. पंप थांबतो.
ओठ मिटत नाहीत.
चार सेकंद एक थेंब त्यांच्यात अडकून राहतो,
निम्मा आत, निम्मा जगात.
जंतूंना एवढा पूल पुष्कळ झाला.

झोप आली नाही. पहाटे गंगावेशीत गेले.
मायाप्पानं धार काढून फेसाळ पेला हातात दिला,
आणि म्हशीपुढे कडब्याची पेंढी टाकली.
ती बसायला बघत होती, तो बसू देईना.
"का छळतोयस तिला?"
"छळतोय कुठं? धार काढली की सडाचं तोंड
लगेच मिटत न्हाई, ताई.
अर्धा तास तरी लागतोय.
तवर शेणात बसली तर कास गेलीच म्हणा.
खात ऱ्हायली की उभी ऱ्हाती."

पेला तसाच राहिला. फेस बसला.

मी आजवर उघडण्याचं गणित करत होते.
मिटणं आपोआप होतं, असं धरून चालले होते.

ओठांची मुळं जाड केली,
दाब पुरता ओसरायच्या आधीच
घट्ट मिटतील अशी.
उघडायला जोर जास्त लागू लागला,
पंप कण्हू लागला, बॅटरी दोन तास आधी दमली.
त्यावरून मीटिंगमध्ये भांडण झालं,
अजून मिटलेलं नाही.
शिकलगारांनी नवा साचा दिला,
पैसे घेताना फक्त म्हणाले,
"या खेपेला केस कुणाचा ते विचारलं नाही."

आज नववा दिवस. चौदा दिवस बघायचं असतं.
उबदार कपाटात वीस बश्या,
वीसही अजून कोऱ्या.
मी दिवसातून दोनदाच काच पुसते,
तिसऱ्यांदा हात मागे घेते.

संध्याकाळी गंगावेशीत उभी असते.
दूध पिऊन झालेलं असतं.
म्हैस कडबा चघळते, शेपटीनं माश्या वारते.
मायाप्पा म्हणतो, बसा की ताई, बाकडं हाय.
मी म्हणते, राहू दे,
थोडा वेळ उभीच राहते.